फिल्टर बदलला, असं मी लिहिलं

१२ फेब्रुवारी

ही वही ताईनं दिली. तिच्या शाळेच्या ऑफिसात उरलेली, निळ्या पुठ्ठ्याची. म्हणाली, "जे घडेल ते रोजच्या रोज तारखेसकट लिहून ठेव. चार लोकांसमोर उभं केलं की तुझी बोबडी वळते, मला माहीत आहे." ताई कारकून आहे, तिचा कागदावर फार विश्वास. माझा हात पान्यावर चालतो, पेनावर नाही. तरी लिहितो.

झालं ते असं. मी हॉस्पिटलच्या गॅरेजात मेकॅनिक आहे, एकवीस वर्षं झाली. आमच्याकडे चार अँब्युलन्स. नऊ तारखेला दुपारी तीन नंबरची गाडी एका बाईंना घेऊन टेकडीवरच्या मोठ्या हॉस्पिटलात निघाली. बाईंना हृदयाचा त्रास होता. चढाला लागल्यावर गाडीची ताकद गेली, मागून काळा धूर आला आणि ती थांबली. ड्रायव्हरनं खटपट करून चालू केली, पुढं जाऊन पुन्हा थांबली. पोचायला पस्तीस मिनिटं उशीर झाला. आत नेलं तेव्हा जीव होता म्हणतात. पण थोड्याच वेळात बाई गेल्या.

चौकशी लागणार आहे. गाड्यांची देखभाल माझ्याकडे. गाडी ठीक होती. रजिस्टरमध्ये सगळं व्यवस्थित लिहिलेलं आहे.

१३ फेब्रुवारी

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वाहन विभाग सगळा त्यांच्याकडे, गाड्या, डिझेल, स्टोअर. वयानं माझ्याहून लहान, पण माणूस भला. माझ्या मुलीच्या लग्नात सकाळपासून शेवटचा पाहुणा जाईपर्यंत उभे होते.

"घाबरू नका," म्हणाले. "रजिस्टर चोख आहे ना? मग तुमच्या केसालाही धक्का लागत नाही. मी आहे."

बाहेर पडताना खांद्यावर हात ठेवला. बरं वाटलं.

कँटीनमध्ये मामा माझ्या टेबलावर आला नाही. मामा म्हणजे तीन नंबरचा ड्रायव्हर. सगळं हॉस्पिटल त्याला मामाच म्हणतं. रोज माझ्याच डब्यातली भाजी खातो. आज खिडकीकडे तोंड करून एकटा बसला होता.

१५ फेब्रुवारी

या वहीत खोटं लिहून काय मिळणार? ही कोणी तपासायला येत नाही.

रजिस्टरमध्ये तीन नंबर गाडीपुढे दोन वर्षांत चार वेळा लिहिलंय, "एअर फिल्टर बदलला." अक्षर माझं. खरा बदलला तो एकदाच, अगदी पहिल्यांदा. पुढच्या तिन्ही वेळा तोच काढला, कॉम्प्रेसरची हवा मारली आणि परत बसवला. बाकीच्या गाड्यांचीही तीच कथा.

एअर फिल्टर म्हणजे घड्या घातलेला जाड कागद, एका चौकटीत बसवलेला. इंजिनात जाणारी हवा त्यातून गाळून जाते. तो धुळीनं चोंदला की हवा कमी पडते, डिझेल धड जळत नाही, काळा धूर येतो. सपाट रस्त्यावर फारसं कळत नाही. चढावर गाडी अडून बसते. आणि हवा मारून तरी किती वेळा मारणार? कागदात मुरलेली धूळ तशीच राहते, वर घड्या फाटतात त्या फाटतात.

कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय, वीस हजार किलोमीटरला बदला, धुळीचा भाग असेल तर त्याच्या निम्म्यात. पुस्तक लिहिणाऱ्यानं आमचा रस्ता पाहिलेला नाही. रुंदीकरण निघाल्यापासून वर्षभर तिथं पिठासारखी धूळ उडतेय. मला विचाराल तर दर महिन्याला उघडून बघावा आणि पाच हजाराला डोळे झाकून नवा घालावा.

पण नवा होता कुठं? स्टोअरची किल्ली साहेबांकडे. मागायला गेलो की म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात माल येतोय. तोवर हवा मारून बसवा. आणि लिहिताना 'बदलला' लिहा, 'साफ केला' वाचलं की ऑडिटवाले फाटे फोडतात. आला की बसवूच." आधी मी दर सोमवारी विचारायचो. मग महिन्यातून एकदा. मग सोडून दिलं. सोडून मीच दिलं, त्यांनी विचारू नका म्हटलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी

आज त्या बाईंचे मिस्टर गॅरेजात आले. मला वाटलं, चार माणसं घेऊन आले असतील. एकटेच होते. शिंपी आहेत, बाजारामागच्या गल्लीत दुकान आहे. गळ्यात मापाची फीत तशीच होती, काढायची राहिली असावी.

"गाड्यांचं काम तुम्हीच बघता का?"

"हो."

"मला भांडायचं नाही. एक विचारायचं होतं. ड्रायव्हरनं रस्त्यात बॉनेट उघडून एक चौकट बाहेर काढली आणि टायरवर आपटली. एवढी धूळ निघाली की ते स्वतःच खोकायला लागले. ते काय होतं?"

मी सांगितलं, एअर फिल्टर.

"तो किती दिवसांनी बदलायचा असतो?"

मी पुस्तकातलं सांगितलं. वीस हजार, धुळीत दहा. ते ऐकत होते, वर्गात बसल्यासारखे. मग म्हणाले, "आमच्या मशीनची सुई असते ना, तिला असं काही गणित नाही. बोथट झाली की कापडच सांगतं. टाके सुटायला लागतात. तुमच्यात गाडी सांगत नाही का?"

"सांगते," मी म्हणालो.

"मग तिनं सांगितलं नव्हतं?"

तेवढ्यात एक नंबरची गाडी हॉर्न देत आत आली, आणि मी तिला जागा करून द्यायला गेलो. जागा भरपूर होती. परत आलो तर ते गेटापर्यंत पोचले होते.

१९ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं नाही, ताट उचलून ठेवलं.

२२ फेब्रुवारी

साहेब स्वतः गॅरेजात आले, हातात फाइल. म्हणाले, मागच्या दोन वर्षांची काही मागणीपत्रं अर्धवट राहिलीत, चौकशीच्या आधी कागद पूर्ण हवेत. "रजिस्टरमध्ये फिल्टर बदलल्याचं आहे, मग स्टोअरमधून मिळाल्याचंही दिसायला नको का? नाहीतर तुम्हीच खोटे पडाल." तारखा त्यांनी घालून ठेवल्या होत्या. मी बॉनेटवर फाइल ठेवून सह्या केल्या. चारही गाड्यांच्या मिळून सात. त्यांनी स्वतःचा रुमाल दिला, हाताचं ऑइल कागदाला लागू नये म्हणून. माझ्यासाठी एवढी धावपळ कोण करतं?

घरी बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, थांबली.

"वाचलंत का सही करताना?"

"साहेबांनीच आणले होते."

"ते नाही विचारलं मी."

"'मिळाला' एवढंच होतं. फिल्टर मिळाला."

"मिळाले होते?"

मी म्हटलं, तुला ऑफिसची कामं कळत नाहीत. ती पुन्हा घड्या घालायला लागली. बराच वेळ एकाच चादरीची घडी घालत होती.

२६ फेब्रुवारी

एक नंबरची गाडीही चढावर धाप टाकायला लागलीय. आता स्टोअरकडे मागायची सोय नाही. कागदावर तर मला मिळालेला आहे. म्हणून सुट्टी टाकून स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो, पदरचा घ्यायचा ठरवून. दुकान साहेबांच्या मेव्हण्याचं आहे. शेल्फवर आमच्या गाडीला बसणारे फिल्टर ओळीनं मांडलेले. एवढे मी एका जागी कधी पाहिले नव्हते.

खोक्याच्या बाजूला जांभळा गोल शिक्का होता, अर्धा पुसलेला. आमच्या स्टोअरचा असतो तसाच. मी म्हटलं, हे काय? दुकानदार म्हणाला, कंपनीकडूनच तसे येतात. असेल. नवं खोकं हातात येऊन मला किती दिवस झाले, मी काय सांगणार?

तिथंच काउंटरवर फोडून बघितला, खोकं त्याच्या टोपलीत टाकलं आणि फिल्टर पिशवीत घालून आणला. पांढराशुभ्र. घड्या मोजून काढल्यासारख्या सरळ. एक नंबरला बसवला आणि चढावर चक्कर मारून आलो. गाडी चुपचाप चढून गेली. दहा मिनिटांचं काम. हाताला नीट धूळही लागली नाही.

परत येताना जिथं तीन नंबर थांबली होती तिथं गाडी बाजूला घेतली. उतरलो नाही.

५ मार्च

मामानं आज गाठलं, सायकल स्टँडपाशी.

"परवापासून जबान्या घेतायत," म्हणाला. "माझी झाली. मी तुझं नाव घेतलं नाही."

मी सायकलचं कुलूप काढत राहिलो.

"पण त्यांनी विचारलं, गाडी आधी काही त्रास देत होती का? मी म्हटलं, देत होती. कोणाला सांगितलं होतं का? मी म्हटलं, गॅरेजात सांगितलं होतं. गॅरेजात म्हणजे कोणाला, हे त्यांना कळतंच."

"बरं केलंस."

"बरं काय केलं? मी त्या चढावर फिल्टर आपटत होतो आणि त्या बाई आतून विचारत होत्या, काय झालं हो, काय झालं हो. नवरा म्हणत होता, काही नाही, निघतोय आता. शेवटी मी तो काढूनच टाकला, तशीच नेली गाडी. आधीच काढला असता तर... जाऊ दे." मग म्हणाला, "तू मला फक्त नाही म्हणायचं होतंस रे. ही गाडी नेऊ नको, दोन नंबर ने. एवढंच."

हे मी इथं लिहिलं नव्हतं. आज लिहितो. आठ तारखेला संध्याकाळी मामानं मला सांगितलं होतं, तीन नंबर चढावर मरतेय. मी फिल्टर काढून बघितला. मधली एक घडी फाटलेली, बाकीचा काळा ठिक्कर. हवा मारली, फाटक्या जागी डिंक लावला, बसवला. वाटलं, एक आठवडा जाईल. दोन नंबर उभी होती, पण तिची बॅटरी उतरलेली. चार्जिंगला लावायची, म्हणजे तासभर थांबावं लागलं असतं. मला घरी जायचं होतं. काही काम नव्हतं. नुसतं घरी जायचं होतं.

८ मार्च

परवा माझी पाळी. ठरवलंय, खरं सांगायचं. बदलला नव्हता, हवा मारून बसवला होता, आणि आदल्या दिवशी मला माहीत होतं. जे काय व्हायचं ते होऊ दे. ताई म्हणाली, "सगळं सांगशील ना? फिल्टर का मिळत नव्हते, तेही?" मी म्हटलं, साहेबांना यात कशाला ओढायचं, बिचाऱ्यांनी एवढं केलं माझ्यासाठी. ताई उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगाच भांडी आपटायला लागली.

साहेबांनाही जाऊन सांगितलं, मी खरं बोलणार आहे. वाटलं होतं, रागावतील. उलट म्हणाले, "तुमच्या मनाला जे पटेल ते करा. मी अडवणार नाही." मोठ्या मनाचा माणूस.

१० मार्च

लांब टेबल, पलीकडे चौकशी अधिकारी बाई, चष्मा कपाळावर चढवलेला. एका बाजूला साहेब. मी बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं, कुठं अडखळलो नाही. बोलताना वाटलं, छातीवरचा धोंडा उतरला.

बाईंनी लिहून घेतलं. मग फाइल उघडली.

"म्हणजे तुम्ही नवीन फिल्टर बसवलेच नाहीत."

"नाही."

"ही सात मागणीपत्रं. 'मिळाला' म्हणून सही आहे. सही तुमची?"

"हो."

"मग हे सात फिल्टर कुठं आहेत?"

मी म्हटलं, ते मिळालेच नव्हते.

"मग सही का केली?"

मी साहेबांकडे बघितलं. त्यांची मान खाली. तोंडात आलं होतं की यांनीच सांगितलं म्हणून केली. पण ते असे बसले होते, घरात कोणी गेल्यासारखे, की बोलवेना. बाईंनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, कागद पूर्ण करायचे होते.

"कोणाचे?"

मी त्या सह्यांकडे बघत राहिलो.

तेव्हा साहेब बोलले, अगदी हळू. "एकवीस वर्षांचा माणूस आहे, मॅडम. मी डोळे झाकून विश्वास ठेवला. असं काही करेल असं मला कधी वाटलं नव्हतं." त्यांचा आवाज बसला होता. त्यांना खरंच वाईट वाटलं असणार.

बाहेर बाकावर शिंपी बसले होते, त्यांचीही जबानी होती. दार अर्धं उघडं होतं. सगळं ऐकू गेलं असणार. मी समोरून गेलो तेव्हा त्यांनी पाय आत घेतले.

११ मार्च

ताई, बायको आणि मी. ताई स्पष्ट म्हणाली, "फिल्टर येत होते. तुझ्या त्या साहेबानं मेव्हण्याच्या दुकानात घातले, आणि तुझ्या हातून पावत्या करून घेतल्या. तू स्वतःच्या पायानं जाऊन त्यातलाच एक विकत आणलास. अजून कळत नाही का तुला?"

मी म्हटलं, पुरावा नसताना कोणावर असं बोलू नये.

"खोकं कुठंय? शिक्क्याचं?"

"तिथंच टाकलं."

बायको हसली की काय असं मला वाटलं, पण तोंड फिरवून डोळे पुसत होती.

ताईला साहेबांबद्दल पहिल्यापासून अढी आहे. तो जांभळा शिक्का मात्र सारखा डोळ्यांसमोर येतो. आला की मी उठून काहीतरी काम काढतो. आज दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. कुरकुरत नव्हत्या.

२१ मार्च

पत्र आलं. कामावरून काढलं. हलगर्जीपणा आणि अपहार. अपहार हा शब्द मी तीनदा वाचला. प्रकरण पुढं पोलिसांकडेही देणार आहेत. खाली साहेबांची सही, नेहमीसारखी, शेवटी छोटा फाटा काढलेली.

साहेबांना फोन लावला, उचलला नाही. दुपारी लावला, उचलला नाही.

२४ मार्च

पेपरात छापून आलं. नाव नाही, पण "हॉस्पिटलच्या मेकॅनिकनं फिल्टर विकले" म्हटल्यावर नाव कशाला लागतं? मुलीचा फोन आला. तिच्या सासऱ्यांनी पेपर घडी करून तिच्यासमोर ठेवला म्हणे. "बाबा, तुम्ही विकले नाहीत ना?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. "मग सही का केलीत?" सगळ्यांचा तोच एक प्रश्न आहे, आणि माझ्याकडं दर वेळी तेच उत्तर, जे माझं मलाच ऐकवत नाही.

ताईनं वकील बघितलाय. तो म्हणतो, अवघड आहे; सही आणि कबुली दोन्ही तुमचीच.

१ एप्रिल

मामा येऊन गेला. म्हणाला, हॉस्पिटलनं नवा नियम काढलाय, दर पाच हजाराला एअर फिल्टर बदलायचा, फोटो काढून ठेवायचा. स्टोअर भरलंय. साहेबांचं वरिष्ठांनी कौतुक केलं, गैरप्रकार उघडकीस आणला म्हणून. चहा पिऊन गेला. जाताना म्हणाला, "पाच हजार तूच म्हणायचास ना?"

मी म्हटलं, असेन म्हणालो कधीतरी.

६ एप्रिल

आज शिंप्यांच्या दुकानात गेलो. आठ दिवस त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येत होतो. बाकी जगानं काही म्हणावं, पण त्यांच्या बायकोच्या मरणावर मी कमाई केली असं त्या माणसाला वाटू नये, एवढंच मनात होतं.

दुपारची वेळ, दुकान लहान, दोन मशीनं. एकावर ते बसले होते. दुसऱ्यावर आवरण घातलेलं होतं. ते कोणाचं हे विचारावं लागलं नाही.

मला बघून त्यांनी पाय थांबवला.

"मी ते फिल्टर विकले नाहीत," मी म्हटलं. "कोणाचीही शपथ घ्यायला तयार आहे. तुम्हाला सांगायला आलो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे मला का सांगताय? ते ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

"तुमचा गैरसमज नको म्हणून."

"विकले नाहीत, बरं. मानलं." चष्मा हातातच होता. "आता मी एक विचारतो. त्या दिवशी तुम्ही तिथून निघून गेलात, म्हणून राहिलं. गाडीनं तुम्हाला सांगितलं होतं का?"

चौकशीत हे मी सगळं सांगितलं होतं, जबानीवर सही करून. यांनीही दाराबाहेर ऐकलं असेल. तरी त्यांना ते माझ्याच तोंडून हवं होतं.

"हो," मी म्हटलं. "आदल्या संध्याकाळी."

त्यांनी मान हलवली, माप बरोबर आल्यावर हलवतात तशी. चष्मा लावला. सुईखाली कापड सरकवलं. मला वाटलं, काही बोलतील. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मी दारात तसाच उभा राहिलो.

थोड्या वेळानं त्यांनी वर न बघता सांगितलं, "जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

मी बाजूला झालो. मशीन चालू झालं.